कृपादान आणि सेवापद : आद्य ख्रिस्ती मंडळीतील एक स्थित्यंतर

ख्रिस्ती मंडळीच्या आरंभकाळाची चर्चा करताना एक समजूत पुष्कळदा गृहीत धरली जाते. ती अशी की, पहिल्या पिढीत मंडळीचा कारभार आत्म्याच्या प्रेरणेने चालत असे. पुढे अधिकारपदे निर्माण झाली आणि प्रेरणेचा झरा आटला. जर्मन विधिवेत्ता रुडोल्फ झोम याने १८९२ मध्ये ही भूमिका मोठ्या आग्रहाने मांडली. (समाजशास्त्रातील ‘करिश्मा’ ही संज्ञा माक्स वेबरने त्याच्याकडूनच उचलली.) तथापि मूळ साधने पाहता या स्थित्यंतराच्या मुळाशी सत्तालोभापेक्षा एक व्यावहारिक अडचण अधिक दिसते. आत्म्याच्या नावाने बोलणाऱ्याची पारख कशी करावी, आणि तो नसेल तेव्हा मंडळीची सेवा कोणी करावी, ही ती अडचण होय.

सुमारे इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यान पौलाने इफिसाहून करिंथच्या मंडळीस पत्र लिहिले. तेथे अन्य भाषांत बोलण्याच्या दानाला अवास्तव महत्त्व आले होते. पौल त्या दानाचा निषेध करीत नाही. परंतु अर्थ सांगणारा कोणी नसेल तर त्या वक्त्याने सभेत मौन धरावे असे सांगतो. मंडळीची उन्नती होते की नाही, एवढीच त्याची कसोटी आहे. या दानांसाठी त्याने वापरलेला ‘खारिस्मा’ हा शब्द ‘खारिस’ म्हणजे कृपा या शब्दापासून निघाला आहे. मराठीतील ‘कृपादान’ हा प्रतिशब्द ते नाते अचूक राखतो. त्याच्या जोडीस येणारा ‘दिआकोनिया’ हा सेवावाचक शब्द मात्र पंक्तीत वाढण्याच्या कामासाठीही रूढ होता. संदेश देणे व रोग बरे करणे यांच्याच मालिकेत पौल साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे यांनाही बसवितो. व्यवस्थेसाठी त्याने योजलेला शब्द जहाजाचे सुकाणू धरण्यावरून आलेला आहे. दोन बंदरांच्या त्या नगरीत तो कोणास समजावून सांगावा लागला नसेल.

या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश पाडणारे साधन मात्र बायबलाबाहेरचे आहे. ‘दिदाखे’ म्हणजे ‘शिकवण’ हा छोटा ग्रीक ग्रंथ शतकानुशतके लुप्त होता. १०५६ मध्ये लिहिलेल्या एका हस्तलिखितात तो फिलोथेओस ब्रिएन्निओस या धर्मपंडितास १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडला व १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथाची रचना पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्यातील मंडळ्यांकडे फिरते प्रेषित व संदेष्टे येत असत. त्यांचे स्वागत करावे. पण प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही तो राहिला तर तो खोटा समजावा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागेल तो खोटा. आत्म्याच्या आवेशात कोणी पंगत मांडण्याची आज्ञा केली, तर त्याने स्वतः त्या पंगतीत जेवू नये. परिव्राजकाने गावी एकच रात्र राहावे हा दंडक भारतीय धर्मशास्त्राच्या वाचकास परिचित आहे; पण तेथे वैराग्याची जपणूक आहे, तर येथे गरीब यजमानांच्या शिधासामग्रीची. खरा संदेष्टा स्थायिक झाला तर मात्र द्राक्षकुंडाचे, खळ्याचे व गुराढोरांचे प्रथमफळ त्यास द्यावे. संदेष्टा नसेल तर ते गरिबांना द्यावे.

याच ग्रंथात पुढे मंडळीने आपले अध्यक्ष व सेवक निवडावेत, ते सौम्य, सत्यनिष्ठ व निर्लोभी असावेत, असे सांगितले आहे. कारण संदेष्ट्यांची व शिक्षकांची सेवा तेही करतात. म्हणून त्यांना तुच्छ लेखू नये, ही पुस्ती विशेष बोलकी आहे. आरंभी या निवडलेल्या पदाधिकाऱ्यांस कमी प्रतिष्ठा होती, हे तीवरून उघड होते. हार्नाक याने १८८४ च्या आपल्या आवृत्तीत फिरते आत्मप्रेरित सेवक आणि स्थानिक कारभारी असा भेद दाखविला. तो पुढे काहीसा ताणला गेला. एकाच सेवेचे हस्तांतर होत होते, असे म्हणणे मूळ ग्रंथाला अधिक धरून आहे.

पुढचा मार्ग परिचित आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस करिंथकरांनी काही वडिलांना पदावरून दूर केले, तेव्हा रोमच्या मंडळीने पत्र लिहून त्यांची बाजू घेतली. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रिगियात माँतानुस आणि त्याच्याबरोबर प्रिस्किला व माक्सिमिल्ला या स्त्रियांनी नव्या संदेशांचा उद्घोष केला. आशियातील अध्यक्षांनी तो अमान्य केला.

इ. स. २५१ च्या सुमारास रोमचा अध्यक्ष कोर्नेलिउस याने लिहिलेले एक पत्र युसेबिउसने जतन केले आहे. त्यात रोमच्या मंडळीतील ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ अनुचर आणि वाचक, द्वारपाल व भूत काढणारे मिळून ५२ अशी मोजदाद आहे. भूत काढणे, जे एके काळी कृपादानातच गणले जाई, ते येथे एक पद झाले आहे. त्याच वेळी १५०० हून अधिक विधवा व आपद्ग्रस्त यांचे पोषण मंडळी करीत होती. एवढे अन्न फिरत्या संदेष्ट्यांच्या भरवशावर नित्य पुरविता आले नसते. परंतु पौलाच्या काळी किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून फिबीचे नाव घेतले जाई, आणि फिलिप्पाच्या चार कन्या संदेश देत. कोर्नेलिउसच्या यादीत स्त्रिया आहेत त्या फक्त अन्न घेणाऱ्यांत.