साष्टीतले खोत आणि पाड्यांची जमीन

'खोत' म्हटले की मुंबईकराला कोकण आठवते. पण अंधेरी-बोरिवलीकडेही खोत होते, हे त्याच्या गावीही नसते! इंग्रजांनी साष्टी बेट 1774 साली घेतले. पुढे कंपनी सरकारने येथील गावेच्या गावे मुंबईच्या धनिकांना तोडून दिली. 1829 साली पवईची गावे फ्रामजी कावसजींकडे गेली. त्यांनी तेथे ऊस लावला, नीळ केली, आंब्याच्या बागा उठविल्या. त्या उद्योगाचे कौतुक मीही करीन. परंतु डोंगराकडेच्या पाड्यांत वारली कुडाच्या घरात राहून भात पिकवीत होता, त्याचे नाव कोणत्या सनदेत होते?

आरेच्या एका पाड्यावर मी एका वृद्धाला विचारले, "बाबा, जमीन कोणाची?" त्याने आजोबाने लावलेला आंबा दाखविला. असले उत्तर दप्तरात बसत नाही.

1951 च्या साष्टी इस्टेटींच्या कायद्याने खोतांची महसूलमाफी गेली आणि लागवडीस न आणलेली पड जमीन सरकारजमा झाली. पण पड म्हणायचे कशाला? जळण, पाने, कंदमुळे देणारे रानही कागदावर पडच! त्याआधी 1949 साली आरेची दूध वसाहत उभी राहिली होती. पाडे आपोआप तिच्या आवारात आले.

2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी वडीलधाऱ्यांची जबानी पुरावा म्हणून मान्य केली. मात्र तो कायदा वनजमिनीपुरता. आणि आरेतील बरीच जमीन दुग्धविकास खात्याच्या नावे आहे.