आयोची हवा कोण नेतं?

चंद्राला हवा नाही, हे आपण शाळेत पाठ केलं. पण गुरूच्या आयो या चंद्राला आहे. विरळ, गंधकाच्या वायूची. आणि ती सतत लुटली जाते!

ही गोष्ट उलगडली मात्र उलट्या क्रमाने. १९५५ साली अमेरिकेत बर्क आणि फ्रँकलिन यांना गुरूकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सापडल्या. १९६४ मध्ये बिग यांनी दाखवलं, की आयो कक्षेत ठरावीक जागी असला की त्या वाढतात. इवलासा चंद्र एवढ्या मोठ्या ग्रहाला बोलता कसा करतो?

मार्च १९७९ मध्ये व्हॉयेजर १ च्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोवरच्या ज्वालामुखीचा फवारा दिसला. हवा येते कुठून, ते कळलं. मग जाते कुठे? गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्रही त्याच्याबरोबर. त्यात अडकलेले विद्युतभारित कण सेकंदाला सुमारे ५७ किलोमीटर वेगाने आयोला मागून धडकतात. दर सेकंदाला साधारण एक टन वायू उडून जातो, त्याचं कडं गुरूभोवती तयार होतं. याच झटापटीत आयोपासून गुरूपर्यंत विजेचे प्रवाह वाहतात. लहरी वाढतात त्या त्यांच्यामुळे.

चुंबकीय क्षेत्र म्हणजे हवेची ढाल, असं आपण सरसकट म्हणतो. पण ढाल दुसऱ्याची असली, की तीच लुटारू ठरू शकते. आयोची हवा टिकली आहे ती शेवटी स्वतःच्या पोटातल्या आगीवर.