टाऊन हॉलची गच्ची

जबलपूरला पोस्टिंग म्हटली की आपल्या लोकांना सदर बाजार, भेडाघाट आणि ग्वारीघाट एवढंच आठवतं. रविवारी आउटपास मिळाला की मी शहरातल्या जुन्या टाऊन हॉलकडे जातो. आज तिथे गांधी भवन वाचनालय आहे. मूळ नाव मात्र व्हिक्टोरिया टाऊन हॉल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राणीच्या नावानं उभा राहिलेला, पैसा राजा गोकुळदास या इथल्या सावकार घराण्याचा.

१९२२ च्या ऑक्टोबरात काँग्रेसची एक समिती जबलपूरला आली. टाऊन हॉलमध्ये मानपत्र देताना वर तिरंगा लावला गेला, तेव्हाचा, मधे चरखा असलेला. त्यावरून थेट लंडनच्या संसदेत प्रश्न विचारले गेले. मार्च १९२३ मध्ये पुन्हा परवानगी मागितली, तेव्हा डेप्युटी कमिशनरनं अट घातली: शेजारी युनियन जॅकही हवा. दोन झेंडे शेजारी आले की उजवीकडे कोणता, उंच कोणता, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जबलपूरकरांनी अटच नाकारली.

१८ मार्चला मिरवणूक निघाली. पुढे पंडित सुंदरलाल, सुभद्राकुमारी चौहान, लक्ष्मणसिंह चौहान. पोलिसांनी अडवलं, तरी प्रेमचंद, परमानंद जैन, सीताराम जाधव असे काही तरुण वर चढले आणि झेंडा लावून मोकळे झाले. (जाधव हे नाव वाचून मी जरा थांबलोच.) पोलिसांनी झेंडा उतरवला, सुंदरलालांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. जबलपूर आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात. पुढं नागपूरचा झेंडा सत्याग्रह पेटला, आधी जमनालाल बजाज, मग वल्लभभाई पटेल. ऑगस्टमध्ये मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाईन्समधून गेलीच.

आता डागडुजीबद्दल. अशा इमारतींच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. आपल्या जुन्या बराकींचीही हीच कथा, एमईएसमध्ये राहिलेल्यांना विचारा. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, तो जाणणारा गवंडी महाग पडतो, म्हणून ठेकेदार सिमेंटची गोणी फोडतो. टाऊन हॉलचं काम निघेल तेव्हा दर्शनी बाजूला रंग लागेलच. माझी नजर गच्चीवर असेल, कारण ती पोरं तिथंच चढली होती.