भटकी कुत्री : नगरपालिका काय करू शकते, काय नाही

वस्तीत लहान मुलाला कुत्रा चावला की लोक नगरपालिकेत जातात. लोक म्हणतात, 'मारून टाका.' अधिकारी म्हणतात, 'कायद्याने हात बांधलेत.' आमच्या मते दोन्ही बाजूंनी कायदा नीट वाचलेला नाही. कार्यकर्त्यांनी तरी तो वाचावा, म्हणून हा आढावा.

काय करता येत नाही
प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखालील प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार तक्रार आली म्हणून पालिकेला निरोगी कुत्रा मारता येत नाही, की गावाबाहेर नेऊन सोडता येत नाही. कुत्र्याला पकडून नसबंदी व रेबीजची लस द्यायची आणि त्याच भागात परत सोडायचे, हा मूळ नियम आहे. दयामरण फक्त असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला, तेही पशुवैद्यकाच्या हातून. नागरिकाने विष घालणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

काय करता येते
रेबीजचा संशय असलेला कुत्रा वेगळा ठेवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्री रस्त्यावर परत सोडू नयेत, असे स्पष्ट केले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतून पकडलेली कुत्रीही तिथे परत सोडायची नाहीत. म्हणजे हात पूर्ण बांधलेले नाहीत. पाळीव कुत्र्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्या मालकावर कलम २९१ लागते.

आपण काय मागायचे
उघड्यावरचा कचरा उचलला जात नाही, तिथे कुत्री वाढतात, आणि असा कचरा बहुतेकदा आपल्याच वस्त्यांत पडून असतो. म्हणून माहिती अधिकारात विचारा : वर्षभरात किती नसबंदी झाल्या, खर्च किती, आमच्या प्रभागात पथक कधी आले? सरकारी दवाखान्यात रेबीजची लस शिल्लक आहे का, तेही विचारा. चावा झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहायला सांगते. पण करुणा फक्त कुत्र्यापुरती नाही. चावा बसलेल्या मुलावरही ती हवी. दोघांचे रक्षण नसबंदी, लस आणि स्वच्छतेनेच होते, आणि ही पालिकेची जबाबदारी आहे. ती तिच्याकडून लेखी मागू या.

जय भीम! नमो बुद्धाय!