मागच्या बाकांवरून

आपल्या देशातील विधिमंडळांचा इतिहास बहुधा मंत्र्यांच्या घोषणांवरून आणि पक्षनेत्यांच्या वक्तृत्वावरून सांगितला जातो. आणि ज्याच्या हाती ना खाते, ना सचिवालय, ना पक्षाची सूत्रे, असा जो सभासद मागच्या बाकावर बसून वर्षानुवर्षे प्रश्नांच्या सूचना दाखल करीत राहतो, त्याचे नाव कामकाजाच्या जाडजूड खंडांच्या अखेरीस जोडलेल्या सूचीत तेवढे आढळते. राज्यकारभार लोकांपुढे उत्तरदायी कसकसा होत गेला हे ज्याला खरोखर समजून घ्यावयाचे असेल, त्याने प्रथम ही सूचीच उघडावी असे माझे मत आहे. सरकारला कागदावर उतरेल असे उत्तर देण्यास भाग पाडावे, ते उत्तर जपून ठेवावे आणि पुढे प्रत्यक्ष व्यवहाराशी त्याची रुजुवात घालावी, एवढेच काय ते सामान्य सभासदाचे सामर्थ्य. पण तेही त्याला कोणी आपण होऊन बहाल केलेले नाही.

1861 च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलात पुढे आलेल्या विधेयकाखेरीज अन्य विषयाला हात घालण्याची मुभाच नव्हती. 1892 च्या कायद्याने प्रथम प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, परंतु तो देताना भोवती कुंपणही इतके बळकट घातले की हक्कापेक्षा कुंपणच अधिक नजरेत भरावे: सूचना आगाऊ द्यावयाची, प्रश्न केवळ माहितीपुरता असावयाचा, त्यात युक्तिवाद, तर्क किंवा कोणाची नालस्ती असता कामा नये, आणि मिळालेल्या उत्तरावर चर्चा नाही, की पुरवणी प्रश्न नाही. फेब्रुवारी 1893 मध्ये भिंग्याच्या राजांनी या हक्काखाली पहिला प्रश्न विचारला, तो सरकारी अंमलदारांच्या दौऱ्यांसाठी जी रसद पुरवावी लागे तिच्यापायी दुकानदारांना होणाऱ्या जाचाविषयी. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेत हिंदी सभासदाने विचारलेला पहिला प्रश्न गावच्या बाजारातील वाण्याच्या गाऱ्हाण्यासंबंधी असावा, ही गोष्ट मला अतिशय बोलकी वाटते.

या बंदिस्त अंगणात उभे राहून काय साधता येते, हे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवून दिले. मुंबईच्या कौन्सिलात 1901 साली जमीन महसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीला विरोध करून फिरोजशहा मेहतांच्या पाठोपाठ सभात्याग करणाऱ्यांत ते होते. परंतु त्यांची खरी कामगिरी पुढल्या वर्षी, वरिष्ठ कौन्सिलात, 26 मार्च 1902 रोजी केलेल्या अंदाजपत्रकावरील भाषणाने सुरू झाली. मते घेऊन सरकारचा एक पैसाही कमी करण्याचा अधिकार त्या सभेला नव्हता. सरकारी सभासदांचे बहुमत कायमचे ठरलेले होते. अशा स्थितीत गोखल्यांनी सरकारचीच अधिकृत पुस्तके हाती घेतली आणि त्यांतील आकड्यांवरूनच हे सिद्ध केले की, तिजोरीत वर्षानुवर्षे जी शिल्लक पडते आहे ती रयतेच्या भरभराटीची खूण नसून, एकीकडे रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने चढविल्याने आणि दुसरीकडे तंगीच्या काळात बसविलेले कर तसेच चालू ठेवल्याने पडणारी ती शिल्लक आहे. त्या आकड्यांच्या जुळवाजुळवीमागे गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तराचे परिश्रम होते, हे विसरता कामा नये. सभागृहात बोलणारा एक असतो, पण त्याच्या हातातील टिपण कित्येकदा सभागृहाबाहेरच्या एखाद्या निरलस अभ्यासकाने तयार केलेले असते. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून 1903 साली दोन, 1905 साली दीड आणि 1907 साली एक रुपया असा उतरत गेला. त्याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि दर साल त्याच विषयाचा त्याच शांतपणे उच्चार होत राहिल्याने अर्थखात्याला गप्प राहणे अवघड झाले असले पाहिजे. याच्या उलट, त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी नापास झाले. विधेयक पडले, पण त्यानिमित्ताने सरकारला आपल्या नकाराची कारणे लेखी नोंदवून ठेवावी लागली.

पुढे 1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला, आणि 1919 च्या सुधारणांनंतर कोणाही सभासदाला, पुरवणी प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली. स्वराज्यात प्रश्नोत्तरांचा तास कामकाजाच्या आरंभीच ठेवला गेला. हक्काला मोल आले की त्याचा बाजारही मांडला जाण्याचा संभव असतो, आणि तोही अनुभव लौकरच आला. 1951 साली हंगामी संसदेचे सभासद हु. गु. मुद्गल यांच्यावर मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठी प्रश्न विचारल्याचा आरोप आला. पंडित नेहरूंनी स्वपक्षाच्या या सभासदाची चौकशी करण्याचा ठराव स्वतः मांडला. चौकशी समितीचे अध्यक्षपद टी. टी. कृष्णमाचारी यांच्याकडे होते. मुद्गल यांनी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीसच पात्र होते असा निर्णय सभागृहाने आवर्जून नोंदविला. प्रश्नाच्या पावित्र्याविषयी सभागृह त्या काळी किती दक्ष होते, ते यावरून कळते.

या परंपरेतील सर्वांत मनस्वी पुरुष म्हणून मी फिरोज गांधींचे नाव घेईन. रायबरेलीहून 1952 साली निवडून आलेले हे गृहस्थ सत्तारूढ पक्षाचे सभासद होते आणि पंतप्रधानांचे जामात होते. पहिली तीन-साडेतीन वर्षे ते सभागृहात फारसे बोललेच नाहीत. 6 डिसेंबर 1955 रोजी विमाविषयक दुरुस्ती विधेयकाच्या चर्चेत ते उभे राहिले, आणि दालमियांच्या भारत इन्शुअरन्स कंपनीत पॉलिसीधारकांचा पैसा मालकांच्या इतर उद्योगांकडे कसा वळविला गेला, हे त्यांनी हिशेबांतील एकेक रक्कम पुढे ठेवून सांगितले. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि 1 सप्टेंबर रोजी 245 संस्थांचा कारभार एकत्र करून आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. सरकारची तयारी आधीपासून गुप्तपणे चालू होती, हे खरे. पण त्या भाषणाने लोकमताची जमीन नांगरून ठेवली होती.

ज्या महामंडळाच्या जन्माला त्यांचा असा हातभार लागला, त्याच्याच व्यवहाराबद्दल दोन वर्षांच्या आत त्यांना सरकारला जाब विचारावा लागला. जून 1957 च्या अखेरीस महामंडळाने कलकत्त्याचे हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. त्यांत जेसप होती, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती, आणि भायखळ्याच्या कारखान्यामुळे मुंबईकरांच्या ओळखीची रिचर्डसन अँड क्रडास हीही होती. मुंदडा त्या वेळी कर्जाने घेरलेले होते; आणि गुंतवणुकीची जी समिती महामंडळाला सल्ला देण्यासाठी नेमलेली होती, तिचा सल्ला घेण्यात आला नाही. सप्टेंबरात डॉ. रामसुभग सिंह यांनी या विषयावर प्रश्न विचारला. त्याला मिळालेले उत्तर इतके तोलूनमापून दिलेले होते की हकीकत बाहेर येऊ नये. बहुतेक प्रश्नांचा शेवट अशा उत्तरापाशीच होतो. येथे मात्र तसे झाले नाही, कारण उत्तराने समाधान न झालेले सभासद तो विषय सोडावयास तयार नव्हते. आणि 16 डिसेंबर 1957 रोजी फिरोज गांधींनी तो सभागृहापुढे साद्यंत मांडला.

त्या भाषणाचा विशेष म्हणजे त्यातील संयम. ज्या संस्थेत लक्षावधी सामान्य माणसांची बचत आहे तिच्यावर देखरेख ठेवणे हे संसदेचे कर्तव्य आहे, एवढी भूमिका मांडून ते थेट शेअरबाजारातील भावांकडे वळले: अमुक दिवशी बाजारात भाव काय होता, महामंडळाने कोणत्या भावाने खरेदी केली, आणि बाजार सावरण्यासाठी ही खरेदी झाली म्हणावे तर ती एकाच माणसाकडून का झाली. आरोप करणे सोपे असते. पण प्रतिपक्षाला नाकारता येणार नाही असा आकडा त्याच्यापुढे ठेवून मग शांतपणे खाली बसणे याला फार मोठी साधना लागते, आणि तीही स्वपक्षाच्या मंत्र्याविरुद्ध, स्वतःच्या सासऱ्यांच्या मंत्रिमंडळापुढे, म्हणजे किती लागली असेल याची कल्पनाच करावी.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमदअली करीम छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत खुली सुनावणी ठेवली. लोकांची गर्दी इतकी झाली की बाहेरच्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री, त्यांचे मुख्य सचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर यांच्या जबान्या सामान्य नागरिकांनी आपल्या कानांनी ऐकल्या. 10 फेब्रुवारी 1958 रोजी, म्हणजे आजच्या चौकशांची मुदत पाहता आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या काळात, अहवाल सादर झाला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असे छागलांनी त्यात निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच महिन्यात अर्थमंत्री पायउतार झाले. हे अर्थमंत्री म्हणजे मुद्गल चौकशी समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णमाचारीच होत. छागलांचा निर्णय त्यांना कठोर वाटणे स्वाभाविक होते. परंतु मंत्रिपदाच्या जबाबदारीचा जो दंडक तेव्हा घातला गेला, तो आवश्यक होता असेच माझे मत आहे.

इतका गाजावाजा न झालेली, पण माझ्या दृष्टीने याहूनही मोलाची फिरोज गांधींची एक कामगिरी आहे. सभागृहात सभासदाला संपूर्ण संरक्षण असले, तरी त्याचे शब्द छापणाऱ्या वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकत असे, आणि मग सभागृहात बोललेले सभागृहातच राहण्याचा धोका होता. लखनौच्या ‘नॅशनल हेरल्ड’चा कारभार सांभाळलेल्या फिरोज गांधींना छापखान्यातील ही धास्ती माहीत होती. त्यांनी खाजगी सभासद या नात्याने विधेयक आणले, आणि 1956 साली ते कायदा झाले: संसदेच्या कामकाजाचा मूलतः सत्य असा वृत्तांत सद्हेतूने व लोकहितार्थ छापणाऱ्यास खटल्याची भीती उरली नाही. मंत्रिपद नसलेल्या सभासदाचे विधेयक मंजूर होणे तेव्हाही दुर्मीळ होते.

8 सप्टेंबर 1960 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षात, ते निवर्तले. डिसेंबर 1975 मध्ये, आणीबाणीच्या काळात, इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांचा तो कायदा वटहुकूम काढून रद्द केला. 1977 साली नव्या लोकसभेने तो पुन्हा केला, आणि पुढल्या वर्षी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, साध्या बहुमताने कोणाला तो पुसता येऊ नये म्हणून, त्यातील संरक्षण 361-अ या अनुच्छेदाच्या रूपाने राज्यघटनेतच दाखल केले; राज्यांच्या विधिमंडळांचे वृत्तांतही त्यामुळे त्याच संरक्षणाखाली आले.