जळालेल्या तबकडीची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट आणि वाळवी लागलेली दप्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्या काळाचे दप्तर संगणकातील चुंबकीय तबकड्यांवर लिहिले गेले आहे. तेच जळाले तर पुन्हा वाचता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कोलंबिया यानाच्या दुर्दैवी कथेत मिळते.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया फ्लॉरिडातून निघाले. सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीस परतताना तेथल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला आणि टेक्ससच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर प्राणांस मुकले.

या यानावर झेनॉनचा एक प्रयोग चालला होता. वायू आणि द्रव हा भेद जेथे मावळतो, त्या स्थितीजवळ झेनॉन जोराने ढवळला तर तो पातळ होतो काय, हे पाहावयाचे होते. पृथ्वीवर तो आपल्याच भाराने दाबला जातो. म्हणून ही परीक्षा अंतराळात. काही आकडे प्रवासातच जमिनीवर पोहोचले होते. बाकीचे एका हार्ड डिस्कमध्ये राहिले.

सुमारे सहा महिन्यांनी ती डिस्क टेक्ससमधील एका कोरड्या तळ्यात सापडली. बाहेरचे भाग करपलेले, बाजूचे सील वितळलेले, आत धूळ शिरलेली. मिनियापोलिसच्या क्रोल ऑनट्रॅक कंपनीतील जॉन एडवर्ड्स यांच्याकडे ती आली. त्यांनी आतल्या तबकड्या रसायनाने स्वच्छ केल्या, नव्या यंत्रात बसविल्या आणि दोन दिवसांत सुमारे ९९ टक्के माहिती हाती आली!

हा चमत्कार नव्हे. त्याला कारणे आहेत. डिस्क निम्मीच भरलेली होती. तिच्यावरील डॉस प्रणाली माहिती सर्वत्र विखरून ठेवीत नसे, आणि तबकडीला इजा झाली ती नेमकी कोऱ्या जागी. याच यानातील दुसऱ्या दोन डिस्क मात्र एडवर्ड्स यांच्या हातूनही बोलल्या नाहीत. कौशल्य तेच, पण जे पुसले गेले ते कोणतेही कौशल्य परत आणीत नाही.

एप्रिल २००८ मध्ये प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. ढवळलेला झेनॉन खरोखरच पातळ होतो, हे सिद्ध झाले.

यातून आपण काय घ्यावे? बिघडलेली डिस्क पुनःपुन्हा चालू करून पाहू नये, ती जाणत्याच्या हाती द्यावी, हे तर खरेच. पण त्याहून मोठा बोध असा, की जे जपावयाचे त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. पूर्वजांच्या पोथ्या टिकल्या त्या पुष्कळदा अशा नकलांमुळेच. त्या सात जणांच्या श्रमांचा एवढा भाग राखेतून परत आला, हे आपले भाग्य. परंतु भाग्यावर दप्तर सोपविणे हा शहाण्या समाजाचा रिवाज नव्हे.