धुराड्याच्या पायथ्याशी

१/ रेल्वेचा इतिहास आपण बहुधा इंजिनांवरून वाचतो. आज एका धुराड्यावरून वाचू.

२/ अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात 'सेंट्रल ऑफ जॉर्जिया' रेल्वेचे जुने आवार आहे. १८५० च्या दशकात उभारलेल्या या कारखान्यात इंजिनांची दुरुस्ती होत असे.

३/ तेथील विटांचे धुराडे १२५ फूट उंच आहे. बॉयलर व लोहारभट्ट्यांचा धूर जमिनीखालील मार्गांनी त्यात येई. त्याच्याच पायथ्याभोवती कामगारांचे शौचकूप बांधलेले होते.

४/ १८४३ मध्ये याच कंपनीचा लोहमार्ग मेकनपर्यंत पोहोचला, तो आयरिश मजूर आणि गुलाम कृष्णवर्णीयांच्या श्रमांतून. कंपनीच्या अध्यक्षांची नावे सहज सापडतात. या मजुरांची क्वचितच.

५/ १९६३ मध्ये कारखाना बंद पडला. आज तेथे संग्रहालय आहे. शौचकूप पाडले गेले असते, तर इमारतींच्या भव्यतेत काहीच उणे झाले नसते. पण येथे रोज राबणारी माणसे होती, याचा एक साधा पुरावा नाहीसा झाला असता.

६/ म्हणून जुन्या रेल्वे आवारात गेलात, तर इंजिनाबरोबरच कामगारांच्या पडक्या खोल्यांचेही छायाचित्र घ्या. सर्वांत आधी त्याच पाडल्या जातात.